फांदीला फांदी लागू दे : भीमाशंकरच्या शेकरूस अनावृत पत्र

नाशिक

प्रिय शेकरू,



२०२७ साली आमच्या नाशिकला सिंहस्थ आहे. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर स्नानाला देशभरातून माणसे येतील. गोदावरीत बुडी मारून झाली, त्र्यंबकराजाचे दर्शन घडले, की त्यातले कित्येक जण गाडी तशीच पुढे काढतील. एवढ्या लांब आलोच आहोत तर आणखी एक ज्योतिर्लिंग पदरात पाडून घेऊ, हा आपल्याकडचा जुना रिवाज. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर, तिथून घोडेगावकडे वळायचे आणि डिंभे धरणावरून वर चढून भीमाशंकर. म्हणजे थेट तुझ्या दारात. आमच्या पर्वणीची गर्दी तुझ्या घरी येणार आहे. ती येण्याआधी माझे पत्र पोचावे म्हणून घाईने लिहायला बसलो.

पत्र तुझ्या नावाचे आहे, पण पाकीट उघडेच ठेवतो आहे. यातले बरेचसे तुझ्यापेक्षा माझ्या गावकऱ्यांनी वाचायला हवे.

महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता, असे विचारले की शाळेतली पोरे एका सुरात तुझे नाव सांगतात. पाठोपाठ बाकीचीही घडाघडा म्हणतात : राज्यपक्षी हरियाल, राज्यवृक्ष आंबा, राज्यपुष्प ताम्हण. परीक्षेपुरती ही यादी आमच्या कामाची असते, पुढे विस्मरणात जाते. जरा थांबून पाहिले तर तिच्यात एक सूत्र सापडते. आंबा हे झाडच. ताम्हणाचे जांभळे तुरे झाडावरच लागतात. हरियाल हे हिरवे कबूतर वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जगते आणि जमिनीवर क्वचित उतरते. आणि तुझे तर खाणे, झोपणे, पिल्ले वाढवणे, सगळे आयुष्य फांद्यांवर. एवढी मानाची पदे या राज्याने झाडांना आणि झाडांवरच्या जिवांना दिली आहेत. त्या मानाला राज्य कितपत जागते, हे माझ्या पत्राचे खरे कारण.

वाचकांसाठी तुझी ओळख करून देतो. तू खारीच्या कुळातले, पण अंगणातल्या खारीने दबकून पाहावे एवढे मोठे. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ तीन फूट, वजन दीड-दोन किलो. भीमाशंकरच्या तुझ्या शाखेचा रंग पाठीवर गर्द तांबूस-तपकिरी, पोटाकडे दुधाळ, आणि शेपटीचे टोक फिक्कट. शास्त्रीय नाव रटुफा इंडिका. भारताबाहेरच्या कुठल्याही रानात तू सापडत नाहीस. १८३१ साली कर्नल साइक्स यांनी सह्याद्रीतल्या तुझ्या या शाखेचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. एल्फिन्स्टनच्या नावाची मुंबईतली ठिकाणे पुष्कळांना ठाऊक असतात. त्याच नावाचा एक जीव भीमाशंकरच्या जांभळांवर राहतो, हे फार थोड्यांना.

तसा तुझा संचार मोठा आहे. माथेरान, फणसाड, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली अशी सह्याद्रीची सगळी कड, आणि तिकडे मेळघाट, नागझिरा. पण नाशिकच्या माणसाला तुझी हमखास गाठ घ्यायची तर भीमाशंकरलाच यावे लागते. तेही मंदिरापाशी दुकानांच्या रांगेत नव्हे. गुप्त भीमाशंकरच्या पायवाटेने आत शिरायचे, बोलणे बंद करायचे आणि मान वर करून उभे राहायचे.

तसे उभे राहिले की आधी तुझा आवाज येतो. कट-कट-कट असा कोरडा खडखडाट, एका झाडावरून सुटतो आणि दुसऱ्यावरून त्याला उत्तर येते. मग फांदी हलते. जांभूळ पिकण्याच्या दिवसांत तुझे जेवण पाहावे. फळे लागतात ती नेमकी डहाळीच्या टोकाला, जिथे तुझे वजन पेलणार नाही. तू मागच्या दोन पायांनी जाड फांदी पकडतेस आणि बाकीचे सगळे अंग खाली सोडून देतेस. आता पुढचे दोन्ही हात मोकळे. घोस ओढून घ्यायचा, एकेक जांभूळ खुडायचे, दोन्ही पंजांत धरून फिरवत फिरवत खायचे. एवढा वेळ तुझे लांबलचक शेपूट फांदीच्या पलीकडच्या बाजूला लोंबत असते आणि तोल राखत असते. उलटे टांगलेले असून तुझ्या हालचालीत घाई नसते. अर्धवट खाल्लेली फळे टपाटप खाली पडतात. खाली कधी भेकर असते, कधी रानडुक्कर. तुझ्या पंगतीतले उरलेसुरले त्यांच्या वाट्याला जाते.

तुझ्यासारखेच तांबूस अंगाचे आणि झुबकेदार शेपटीचे एक जनावर पूर्व हिमालयात आहे, रेड पांडा. तू महाराष्ट्राचा राज्यप्राणी, तो सिक्कीमचा. तुमच्यात रक्ताचे नाते नाही. पण झाडावर जन्म काढायचा म्हटल्यावर निसर्गाने दोघांना एकच विद्या दिली : मागच्या पायाचे घोटे असे वळतात की उभ्या खोडावरून डोके खाली करून सरसर उतरता येते. बांबूची पाने हे त्याचे मुख्य अन्न. डोंगरउतारावरचे रान तुटत गेले, तुकड्यांत विखुरले, आणि तो आज जगाच्या धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदला आहे. दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयन प्राणी उद्यानात त्याची पैदास करावी लागली. २००३ मध्ये तिथे जन्मलेल्या दोन माद्या सिंगालिलाच्या राष्ट्रीय उद्यानात सोडल्या, तेव्हा देशभर कौतुक झाले. कौतुक रास्तच होते. पण रानातून गेलेला जीव पिंजऱ्यात वाढवून, शिकवून, पुन्हा रानात नेऊन रुजवायचा, हा केवढा दूरचा आणि खर्चिक वळसा आहे! ज्याचे रान शाबूत ठेवता येते त्याला या वाटेवर आणूच नये.

तुझे रान अजून शाबूत ठेवता येते. त्याच यादीत तू ‘चिंता नाही’ या रकान्यात आहेस. पण त्याच नोंदीत तुझी संख्या घटते आहे असेही लिहिले आहे. आमच्याकडे पहिले वाक्य वाचून कागद मिटायची सवय आहे. म्हणून दुसरे वाक्य मी मोठ्याने वाचतो आहे.

तू झाडांवर राहतेस असे आम्ही म्हणतो, तेव्हा मनात एखादे डेरेदार झाड असते. पण एका झाडावर तुझे भागत नाही. तुझा दिवस उजाडतो एका झाडावर, न्याहारी दुसऱ्यावर, दुपारी ऊन चढले की तिसऱ्याच्या आडव्या फांदीवर चारी पाय दोन्ही बाजूंना सोडून पोटावर पडायचे, आणि दिवस कलला की पुन्हा चौथ्याकडे. या सगळ्या येण्याजाण्यात तू जमिनीला पाय लावत नाहीस. एका झाडाची फांदी दुसऱ्यात शिरलेली असते, दुसऱ्याची तिसऱ्यात, मधल्या जागा वेलींनी भरलेल्या. तुझे गाव असे हवेत वसलेले आहे आणि त्याच्या सगळ्या गल्ल्या फांद्यांच्या आहेत.

घरट्यांचेही तेच. काटक्या आणि पाने गुंफून तू मोठे गोल घरटे बांधतेस, आणि जागा निवडतेस ती जाड बेचक्यातली नव्हे, उंचावरच्या बारीक फांद्यांची. बिबट्या झाडावर चढला तरी त्या डहाळ्यांवर त्याचा भार टिकत नाही. माकडालाही तिथे जपूनच जावे लागते. शिवाय घरटे एकच नसते. झोपायचे वेगळे, पिल्लांचे वेगळे, अशी काही घरटी तुझ्या हद्दीत आसपासच्या झाडांवर असतात. पिल्ले एखाददुसरेच. एका घरट्यापाशी धोका वाटला तर दुसऱ्यात निघून जाता यावे, यासाठी ही तजवीज. पण तेही तेव्हाच साधते, जेव्हा एका घरट्यापासून दुसऱ्यापर्यंत फांद्यांची वाट अखंड असते. वनखाते तुमची गणती करते तेव्हा घरटीही मोजते. मला वाटते, दोन घरट्यांमधल्या वाटाही मोजायला हव्यात.

तुझ्या पोटाचा हिशोब मांडणाऱ्या एक बाई आहेत. रेने बॉर्जेस. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्या पुढे प्राध्यापक झाल्या. १९८० च्या दशकात भीमाशंकरच्या आणि कर्नाटकातल्या मागोडच्या रानात तू कधी, कुठल्या झाडाचे, काय आणि किती खातेस, याच्या त्यांनी बारकाईने नोंदी केल्या. त्यातून कळले ते असे की तुझे ताट बारमाही भरलेले नसते. फळे येतात तेव्हा ढीगभर येतात, आणि मग असे दिवस येतात की रानात पिकलेले फळच मिळत नाही. तेव्हा तू कोवळ्या पानांवर, फुलांवर, बियांवर, सालीवर निभावतेस. उंबर, नांदरूक, पायर ही वडाच्या कुळातली झाडे अशा टंचाईत मोलाची ठरतात, कारण बाकीची झाडे रिकामी असतानाही त्यांच्यापैकी एखादे फळांवर असते. म्हणजे शंभर झाडांतले एक उंबर गेले तर आमच्या लेखी एक टक्का नुकसान. तुझ्या लेखी टंचाईच्या दिवसांतले अन्न गेले. झाडे सारखी नसतात. आमच्या सरकारी तक्त्यात ती सारखी दिसतात.

आता तुझ्या शेजाऱ्यांविषयी. भीमाशंकरचे अभयारण्य १९८५ साली झाले. सुमारे १३० चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले. ते तुझ्यासाठी झाले असे आम्ही अभिमानाने सांगतो. पण १९८५ पर्यंत तू कुणाच्या जिवावर टिकलेस? तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांनी आपापल्या देवांच्या नावाने रानाचे तुकडे राखले होते. त्या देवराईत कुऱ्हाड चालायची नाही, वाळलेली काटकीही घरी न्यायची नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि १९७६ मध्ये त्यांवर लिहिले, तेव्हा अभ्यासकांच्या जगाला त्यांचे मोल कळले. आदिवासींना ते आधीपासून ठाऊक होते. शेंड्यांचे जे छप्पर तू आज वापरतेस, त्यातला किती भाग या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या हात आवरल्यामुळे उरला आहे, याचा विचार केल्यावाचून तुझ्या संरक्षणाची भाषा बोलू नये.

त्यांचे पोटही याच झाडांवर आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत बाळहिरडा गोळा करणे हा घरोघरचा आधार. कोवळी फळे उतरवायची, वाळवायची, औषधांसाठी विकायची. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळ या पट्ट्यावरून गेले आणि हिरड्याची कितीतरी झाडे आडवी झाली. नुकसानभरपाईसाठी तिथल्या लोकांना पुढे वर्षानुवर्षे भांडावे लागले. हिरडा पडला की त्यांची मिळकत पडते आणि तुझी वाट तुटते. तुमचे हित एकाच फांदीवर आहे. म्हणून ‘माणूस की शेकरू’ असा वाद जे लावतात, ते दोघांनाही ओळखत नाहीत.

एक बाजू मात्र मी झाकून ठेवणार नाही. सिंधुदुर्गातल्या नारळीच्या बागायतदाराला तुझे गुणगान ऐकवले तर तो कपाळाला आठ्या घालील. कोवळे नारळ तू पोखरतेस आणि त्याच्या डोळ्यांदेखत वर्षाची मेहनत खाली पडते. त्याचा राग खोटा नाही. तू राज्याचा मानकरी असशील तर तुझ्या खाण्याचा खर्च राज्याने सोसावा, एकट्या बागायतदाराने नव्हे. भरपाई वेळेवर आणि हेलपाटे न घालता त्याच्या हाती पडली, तर त्याच्या हातात दगड येणार नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुझी सर्वांत लांब उडी सहा मीटरच्या आसपास भरते. अंग आखडून घ्यायचे, मागच्या पायांनी फांदी झिडकारायची, शेपूट सरळ मागे, आणि सुमारे वीस फुटांवरची पालवी पकडायची. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. पण आमच्या साध्या दुपदरी रस्त्याचे नुसते डांबर सात मीटर रुंद असते. त्याच्या दोन्ही कडांना साइडपट्ट्या, गटार, विजेच्या तारांखालची छाटणी, आणि वळणावर समोरचे दिसावे म्हणून तोडलेल्या फांद्या. रस्ता एक मीटरने रुंद झाला, एवढेच आम्हाला कळते. तुझ्यासाठी मात्र सहाचे सात झाले की रानाचे दोन तुकडे होतात. मग पलीकडच्या उंबराकडे जायचे तर खाली उतरून डांबर ओलांडायचे. जमिनीवर तू वरच्यासारखे चपळ राहत नाहीस. तिथे मोटार असते, आणि जत्रेच्या उष्ट्यावर वाढलेली कुत्री असतात.

अशा चिरा एकट्या रस्त्याच्या नसतात. भीमाशंकरलगतच्या डोंगरमाथ्यावर पवनचक्क्या उभारताना काय झाले, ते पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात लिहून ठेवले आहे : अवजड सामान वर चढवण्यासाठी डोंगर कापून रस्ते काढले, झाडे गेली, माती घसरली. वाऱ्यापासून वीज करणे चांगलेच. पण चांगल्या कामासाठीसुद्धा जागा पाहावी लागते.

तुझ्या रानाची काळजी करणारा मी ज्या रस्त्याने तुझ्याकडे येतो, त्या नाशिक-पुणे महामार्गाचे काय झाले, तेही सांगतो. पूर्वी त्याच्या दोन्ही कडांना वड, चिंच, कडुनिंब यांची जुनी झाडे होती. काही टापूंत दोन्ही बाजूंच्या फांद्या वर एकमेकींना भिडत. महामार्ग रुंद झाला आणि ती झाडे गेली. आता दोन गावांमधले अंतर लवकर कापले जाते आणि उन्हाळ्यात गाडी सावलीला उभी करायला जागा शोधावी लागते.

आणि आमच्या नाशकातच, २०२५ च्या अखेरीस, कुंभासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून तपोवनातली झाडे काढायचा प्रस्ताव पुढे आला. झाडांवर खुणा झाल्या. तेव्हा नाशिककर उठले. म्हातारी माणसे आली, कॉलेजातली पोरे आली, साधुसंतांचा मान राखूनच लोक म्हणाले की तपोवनातून झाडे काढली तर मागे तपोवन काय उरणार? त्या वेळी एक उत्तर पुन्हा पुन्हा ऐकू आले : जेवढी तोडू त्याच्या कितीतरी पट लावू. कायदाही याच वळणाचा आहे. २०२१ मध्ये राज्याने शहरी भागातल्या झाडांच्या १९७५ च्या कायद्यात दुरुस्ती केली. पन्नास वर्षांचे किंवा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले, आणि झाड तोडलेच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची अट आली. दुरुस्ती करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे मी मानतो. साठ वर्षांचा वड तोडायला माणूस निदान दोनदा विचार करील.

पण शेकरू, हा हिशोब तुझ्यापुढे मांडून पाहिला की त्यातली उणीव दिसते. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे, शहराबाहेरच्या एखाद्या माळावर, दहा-दहा फुटांवर, रांगेत. त्यातल्या एकाचीही फांदी दुसऱ्याला लागायला किती वर्षे जातील? तोवर घरटे कुठे बांधायचे? टंचाईत फळ कुणाचे खायचे? नाशकात तू राहत नाहीस, पण घुबडे राहतात, धनेश राहतात, वटवाघळे राहतात, साधी खार राहते. त्यांचा प्रश्न तुझ्याच प्रश्नाचे शहरातले रूप आहे. झाडांची बेरीज म्हणजे रान नव्हे. झाडे एकमेकांना लागतात तेव्हा रान होते, आणि ते लागणे पैशाने विकत घेता येत नाही, त्याला काळच द्यावा लागतो. तुझ्या जगण्यातून मी शिकलो ते एवढेच, आणि माझ्या शहराने शिकावे असे मला कळकळीने वाटते ते एवढेच.

आम्ही अगदीच करंटे नाही, हेही तुला कळू दे. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर नाशिककरांनी २०१५ पासून देशी झाडांची नाशिक देवराई उभी केली आहे. रोपे लावून फोटो काढून कुणी निघून गेले नाही. उन्हाळ्यात पाणी घालायला, वणवा विझवायला माणसे जात राहिली. म्हसरूळच्या पलीकडचा बोरगड स्थानिक निसर्गप्रेमींच्या चिकाटीमुळे २००८ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झाला. ही कामे सावकाश चालतात, म्हणूनच त्यांच्यावर माझा विश्वास आहे.

आता सिंहस्थाला मोजके दिवस उरले असताना काय करता येईल, ते तुझ्या वतीने सांगतो.

भीमाशंकरला श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला खासगी गाड्या अलीकडे थांबवून भाविकांना एसटीने वर नेतात. ही सोय पर्वणीच्या सगळ्या काळात चालू ठेवा. गाड्या वर गेल्या नाहीत तर वाहनतळासाठी रान मोकळे करावे लागणार नाही आणि रस्ता रुंद करायची मागणीही उठणार नाही. स्थानिक गावांना दवाखान्यात, शाळेत, बाजारात जायला चांगला रस्ता हवाच. तो खड्डे बुजवून, कडा बांधून चांगला होतो, दर वेळी रुंद करूनच होतो असे नाही. जिथे दोन्ही बाजूंच्या फांद्या रस्त्यावर एकमेकींना मिळतात, त्या जागा वनखात्याने आणि बांधकाम खात्याने मिळून नोंदवाव्यात आणि तिथे कुऱ्हाड लावू नये. जिथे छप्पर आधीच फाटले आहे, तिथे दोन झाडांमध्ये पूल बांधावेत. तमिळनाडूत वाल्पाराईला सिंहपुच्छ वानरांसाठी नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या लोकांनी रस्त्याच्या डोक्यावरून असे झुलते पूल टांगले, त्यासाठी अग्निशामक दलाचे जुने होजपाइप वापरले, आणि वानर त्यांवरून जाऊ लागले. एका जत्रेच्या मांडवापुढे हा खर्च काहीच नाही. आणि या सगळ्यात तिथल्या ग्रामसभांना आधी विचारा, कारण ते रान त्यांनी राखलेले आहे.

नाशिककरांनो, आता थोडे आपल्याशी. कुंभाचे पाहुणे आपले आहेत. त्र्यंबकहून पुढे निघणाऱ्या प्रत्येक गाडीला, प्रत्येक यात्रा कंपनीला, घरी उतरलेल्या प्रत्येक नातलगाला आपण सांगू शकतो : भीमाशंकरला जरूर जा, पण एसटीने वर जा. प्लास्टिकची पिशवी आणि बाटली परत घेऊन या. रानात कर्णा वाजवू नका. शेकरू दिसले तर लांबून पाहा. त्याला बिस्किटे, फुटाणे, लाह्या टाकू नका. त्याला खाली उतरवणारा प्रत्येक घास कुत्र्याच्या तोंडी देणारा असतो.

आणि आपल्या शहरात, आपल्या कॉलनीत झाड लावायचे ठरले तर एकटे-दुकटे लावू नका. उंबर, जांभूळ, करंज, वड, ताम्हण अशी देशी झाडे जवळजवळ लावा, त्यांना वाढायला जागा आणि पंधरा-वीस वर्षे द्या. झाड तोडायची नोटीस लागली तर ती नीट वाचा, मुदतीत लेखी हरकत नोंदवा. तो आपला हक्क आहे आणि तो वापरला जात नाही म्हणूनच झाडे मुकाट्याने जातात. विचारताना ‘किती लावणार?’ एवढ्यावर थांबू नका. तोडल्यावर कोणाच्या फांदीची वाट तुटते, हेही विचारा.

शेकरू, तुला अभय देणारा १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, अभयारण्य आहे, राज्यप्राण्याचा मान आहे. एवढे असून तुझा रोजचा दिवस दोन फांद्यांमधल्या सहा मीटरांवर ठरतो. ते सहा मीटर राखणे राज्याच्या, वनखात्याच्या आणि आम्हा यात्रेकरूंच्या हातात आहे. सिंहस्थ बारा वर्षांनी पुन्हा येईल, रस्ता पुन्हा नीट करता येईल, मंडप पुन्हा उभारता येईल. भीमाशंकरचे तुटलेले छप्पर बारा वर्षांत परत येणार नाही. म्हणून पर्वणीच्या तयारीच्या प्रत्येक बैठकीत, प्रत्येक आराखड्यात, पहिली ओळ हीच असू द्या : इथली फांदी तोडायची नाही.

तुझ्या रानाचा ऋणी,
गोदाकाठचा एक नाशिककर